दोनशे साठ नंबरचा जेट

थर्मामीटर कधीचाच वाजून गेला होता म्हणे. मी आपला तो काखेत धरून मुकाट बसलो होतो. नम्रता स्वयंपाकघरातून आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, अंडं उबवताय का? वाजून पाच मिनिटं झाली त्याला." मी म्हटलं, वाजला नाही, सेल गेला असेल. तिनं तो काढून घेतला, पुसला, बटण दाबून स्वतःच्या कानाशी धरला. "हा काय, वाजतोय की." मग माझ्या कानाशी धरला आणि पुन्हा बटण दाबलं. तिच्या अंगठ्याचं नख दाबून पांढरं झालेलं मला दिसलं, आकडे लुकलुकलेले दिसले, आणि आवाज म्हणून काहीही आलं नाही. पलीकडच्या बोळात कुणीतरी शटर ओढलं ते स्वच्छ ऐकू आलं. खाली पाण्याची मोटर चालू होती, तिचं बेअरिंग जायला आलंय हेसुद्धा मी सांगू शकलो असतो. फक्त हातभर अंतरावरचं ते चिमुकलं यंत्र माझ्यापुरतं मुकं होतं. नम्रता आता हसत नव्हती. "दोन वर्षं सांगतेय मी," एवढंच म्हणाली आणि क्रोसिन आणायला गेली. अंगात एकशे एक ताप होताच, पण पाठीतून जी शिरशिरी गेली ती तापाची नव्हती. कानांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. आली ती मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली एक दुपार, आणि विश्वजीतचा प्रश्न: काका, हा बारीक आवाज कसला येतोय?

मी श्रीधर आगाशे. नागनाथ पाराच्या मागच्या बोळात माझं गॅरेज आहे, त्याला अडतीस वर्षं झाली. आमच्या घरात सगळे कारकून आणि शिक्षक. वडील म्हणायचे, आगाशांच्या सात पिढ्यांत काळ्या हातांचा हा पहिलाच. मी फक्त टू-स्ट्रोक गाड्या करतो, म्हणजे ज्यांच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं आणि ज्या निळा धूर सोडतात त्या. कंपन्यांनी त्या बनवणं केव्हाच बंद केलं, पण शौकीन लोक सांभाळून आहेत. सातारा-कोल्हापूरहून टेम्पोत घालून माझ्याकडे आणतात. कारण माझा कान. गाडी बोळाच्या तोंडाशी असताना मी आत बसून सांगायचो की डाव्या बाजूची रिंग गेलीय आणि मालकानं मागच्या महिन्यात दुसऱ्या कुणाकडून तरी कार्ब्युरेटर उघडून घेतलाय. मालक ओशाळायचा. मला ते फार आवडायचं. मीटर, मोबाइलवरची ॲप वगैरे घेऊन कुणी आलं की मी म्हणायचो, ते घरी ठेवा, इथे गाडी कानानं होते. या कानांवर मी घर चालवलं, आणि माजही केला तो या कानांवरच. मग साठीच्या आसपास कुठेतरी गिऱ्हाइकं पुटपुटतात असं मला वाटायला लागलं. विशेषतः बायका आणि पोरी. "जरा पोटातून बोला," असं मी फटकन म्हणायचो. पुढे पुढे तेही सोडलं आणि मान डोलवायला लागलो. समोरच्याचे ओठ थांबले की मान डोलवायची. लोकांना वाटायचं, मास्तर विचारात आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

विश्वजीत मागच्या वर्षी मे महिन्यात आला होता. खडकवासल्याच्या अलीकडे त्यांचं गाव, आता महापालिकेत गेलेलं. वडील जयसिंगराव, एके काळी कांदा लावायचे, आता प्लॉट पाडतात. मुलगा चोवीस-पंचवीसचा, लांब हातांचा, हसला की डोळे मिटायचा. त्यानं गोव्यातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टवरून चार चाकांची क्वाड आणली होती. परदेशी, जुनी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, म्हणून आपल्याच जमिनीवर, वडिलांनी आखलेल्या प्लॉटच्या मोकळ्या डांबरी रस्त्यांवर फिरवायची. त्यावर त्यानं बाहेरून मागवलेले फुगीर पोटाचे दोन एक्झॉस्ट पाइप चढवले होते आणि हवेचा मूळ डबा काढून उघडे फिल्टर लावले होते. "काका, आता ही सॉलिड पळेल ना?" मी म्हटलं, पळेल की, थेट वैकुंठापर्यंत. असं बोलायची मला सवय आहे. पेठेत जन्मलेल्या माणसाला सरळ बोलणं म्हणजे कबुलीजबाब दिल्यासारखं वाटतं. ते वाक्य मी त्या वेळी सहज टाकलं आणि तो मनापासून हसला. आता तापात पडल्या पडल्या ते मला दर दहा मिनिटांनी ऐकू येत होतं. आतले आवाज मात्र सगळे शाबूत आहेत.

त्याला मी समजावून सांगितलं होतं, आणि चांगलं सांगितलं होतं. पुढून हवा जास्त घेतलीस, मागून धूर मोकळा सोडलास, मग पेट्रोलही वाढवायला हवं. कार्ब्युरेटरच्या पोटात पितळेचा इवलासा स्क्रू असतो, त्याला आरपार भोक, तो जेट. भोक जेवढं मोठं तेवढा नंबर मोठा आणि पेट्रोल जास्त. हवा वाढवून जेट तोच ठेवला तर मिश्रण कोरडं पडतं, इंजिन तापतं, पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो, चाकं जागच्या जागी अडकतात. "आणि गंमत अशी," मी म्हणालो, कारण हे मी प्रत्येक पोराला सांगत आलोय, "की मरायच्या आधी ते इंजिन सगळ्यात गोड चालतं. हलकं होतं, चटपटीत होतं. मालकाला वाटतं, वा, काय गाडी केलीय मास्तरांनी. तेव्हाच कान ठेवायचा. वरच्या पट्टीत एक बारीक टिकटिक येते. ती आली की घाबरायचं." हे मी त्याला सांगितलं. माझ्या तोंडानं सांगितलं. म्हणूनच तर त्यानं विचारलं.

जेटची पुडकी त्यानंच मागवली होती, दोनशे चाळीसपासून दोनशे ऐंशीपर्यंत, प्रत्येकी दोन. ट्रायलला मी त्यांच्या गावी गेलो, कारण सदाशिव पेठेत गाडी पूर्ण रेटून बघायची म्हणजे समोरच्या क्लासची दोनशे पोरं चिरडायची. दुपारचे दोन. प्लॉटच्या कोपऱ्यांना सिमेंटचे पांढरे खांब, डांबर मऊ पडलेलं, आणि एका जांभळाखाली विश्वजीतची धाकटी बहीण तनुजा पेट्रोलचा डबा घेऊन बसलेली. ती कर्वेनगरला फार्मसीच्या कॉलेजात होती. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम तिच्याकडे. त्यासाठी तिनं कॉलेजातल्यासारखी काचेची मापाची नळी आणली होती. ती डोळ्यांच्या पातळीत धरून, तेलाची कड रेघेला टेकेपर्यंत श्वाससुद्धा घेत नव्हती. मी गमतीनं म्हटलं, एवढं मोजून कुणी औषधही देत नाही. ती हसली आणि नळी पुन्हा पुसली. त्या मुलीच्या हातून तेल कमी पडणं शक्य नव्हतं, हे मला त्या दुपारीच माहीत होतं. आधी दोनशे सत्तर लावला. गाडी पळाली, पण वरच्या टोकाला जरा जड झाली, ढेकर दिल्यासारखी. पेट्रोल जास्त होतंय, मी ठरवलं. दोनशे साठ लावला. विश्वजीत पलीकडच्या टोकाला गेला आणि तिथून पूर्ण रेटून माझ्या समोरून गेला, आणि मला ती सुरेल वाटली. खरंच सुरेल वाटली. कुठे खरखर नाही, कुठे अडखळ नाही, एक सरळ सूर. प्लग काढून पाहिला, टोक थोडं फिकट होतं, म्हणजे मिश्रण कोरडं. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हवं, हे पेढ्यासारखं होतं. हल्लीच्या पेट्रोलनं प्लगला रंगच चढत नाही, प्लग खोटं बोलतात, असं मी स्वतःला सांगितलं. कानाचं ऐकलं.

तेव्हा विश्वजीत हेल्मेट काढून माझ्याकडे आला. "काका, एक मिनिट. फुल थ्रॉटलला वर एक बारीक आवाज येतोय. टिकटिक टाइप. बरणीत खडे हलवल्यासारखा. तुम्ही म्हणाला होतात तोच तर नाही ना?" मी म्हणालो, "विश्वजीतराव, ऐकायचं काम माझं, चालवायचं तुमचं. अदलाबदल केली की दोन्ही बिघडतात." त्यानं कानाला हात लावला, सॉरी म्हणाला. तनुजा जांभळाखालून उठून आली होती. तीही माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, हळू, आदबीनं. तिचे ओठ थांबले आणि मी मान डोलावली. मग घरी जेवायला नेलं. त्यांची आई, सोजरबाई, हिनं पिठलं-भाकरी आणि वर तुपाची वाटी ठेवली. मास्तरांनी पोराचं खेळणं नीट केलं म्हणून. निघताना मी सवयीनं "चला, जातो" म्हणालो तर ती दारापर्यंत मागे आली. "जातो न्हाई म्हनू मास्तर, येतो म्हनावं." नम्रताही यावरून चिडते माझ्यावर. मी पायरीवरून परत फिरून, हात जोडून, "येतो" म्हणालो आणि सगळे हसले. त्या घरात मी हसलेलं तेच शेवटचं.

डिसेंबरात विश्वजीत गेला. पहाटे साडेसहाला, कडाक्याची थंडी, धुकं. सरळ रस्त्यावर पूर्ण रेटलेली असताना इंजिन धरलं, मागची दोन्ही चाकं अडकली, क्वाड फिरली आणि तो प्लॉटच्या खांबावर छातीनं आदळला. हेल्मेट होतं डोक्यात. हेल्मेटला ओरखडाही नाही. मला कळलं तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सबबी शोधल्या. थंडीत हवा दाट होते, मिश्रण आणखी कोरडं पडतं, मे महिन्यात बरोबर असलेला जेट डिसेंबरात लहान पडतो. थंडी पडली की गाडी दाखवायला आणा असं मी सांगितलं असणारच, सगळ्यांना सांगतो. सांगितलं होतं का? आठवत नव्हतं. तेरावा झाल्यावर जयसिंगराव पिकअपमध्ये इंजिन घालून माझ्याकडे आले. गॅरेजच्या पायरीवर बसले, डोक्यावरची टोपी गुडघ्यावर ठेवली. मुंडण केलेलं डोकं. "मास्तर," म्हणाले, "माजं पोरगं कशानं गेलं तेवढं सांगा. दुसरं काय नगं." मी त्यांच्यासमोर इंजिन उघडलं. पिस्टन बाहेर काढायला मला हातोडी वापरावी लागली. आणि तो हातात आला तेव्हा मला सगळं कळलं. कुठल्याही शिकाऊ फिटरला कळलं असतं. तेलाविना मरणारा पिस्टन चहूबाजूंनी खरवडला जातो. हा एकाच बाजूनं वितळला होता, एक्झॉस्टच्या बाजूनं, आणि त्याची वरची कड उंदरानं कुरतडल्यासारखी टोचली गेली होती. त्या टोचण्या एका दिवसातल्या नव्हत्या. ती टिकटिक पुष्कळ दिवस चालू असणार. मी पिस्टन फडक्यात धरला आणि म्हणालो, "तेल कमी पडलं."

हे वाक्य मी नंतर हजार वेळा उलटंपालटं करून पाहिलं आहे, आणि ते खोटं नाही. तेल कमीच पडलं होतं. पण टू-स्ट्रोकमध्ये तेल वेगळं येत नाही, पेट्रोलबरोबर त्याच भोकातून येतं. भोक लहान तर पेट्रोलही कमी आणि तेलही कमी. आणि ते भोक मी निवडलं होतं. खरं बोलून माणूस किती मोठं खोटं बोलू शकतो हे मला त्या पायरीवर समजलं. जयसिंगराव अगदी हळू, पण त्यांचा आवाज जाड, मला पोचतो, म्हणाले, "त्याल तर तनू घालायची." मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी हात पुसत राहिलो. ते उठले, टोपी घातली, इंजिन तिथेच सोडून गेले. पिस्टन मी कपाटात, जुन्या केबलींच्या मागे ठेवला. पुढची हकिगत तुकड्या-तुकड्यांनी आली, त्या बाजूनं येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून. मुलीचं कॉलेज बंद केलं. आई तिच्याशी बोलत नाही. घरात सगळं काम तीच करते, पण सोजरबाई तिच्या हातचं पाणी घेत नाही. स्वतः उठते, माठातून घेते. वैर्‍याच्या हातचंही कुणी पाणी असं टाळत नाही. मी ऐकायचो आणि म्हणायचो, दुःख आहे, ओसरेल. नऊ महिने म्हणत होतो.

आणि मग तो थर्मामीटर. ताप उतरल्यावर नम्रता मला दोन गल्ल्या पलीकडच्या कानांच्या दवाखान्यात घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे श्रद्धा नावाची मुलगी, पांढऱ्या कोटावर नावाची पट्टी. पहिले आवाज जाडे होते, मी पटापट दाबले, मनात म्हटलं, बघ. मग शांतता वाढायला लागली. ती तिकडे यंत्राची कळ हलवत होती आणि मला काही येत नव्हतं, तेव्हा मी तिच्या मनगटाकडे बघून दाबायला लागलो. मनगट हललं की दाब. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, कॉपी करत होतो. तिनं चारपाच वेळा दाबू दिलं, मग आपली खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ केली. त्यानंतर मी बटण दाबलंच नाही. बाहेर आल्यावर तिनं कागद दाखवला. रेघ निम्म्या कागदापर्यंत सपाट चाललेली आणि तिथून कडा कोसळावा तशी खाली. "जाडे आवाज तुम्हाला व्यवस्थित येतात काका, म्हणून लक्षात येत नाही. पण वरचे गेलेत. पक्षी, मोबाइलच्या बारीक रिंगा, बायकांच्या, मुलांच्या बोलण्यातली अक्षरं." मी विचारलं, "धातूची टिकटिक? इंजिनातली?" ती थोडी चमकली. "हो, तीही त्यातच येईल." "कधीपासून?" "हे एका रात्रीत होत नाही. सात-आठ वर्षं तरी असेल. कामाच्या ठिकाणी फार आवाज असतो का?" नम्रतानं माझ्या वतीनं हो सांगितलं. म्हणजे विश्वजीत माझ्याकडे आला तेव्हा मी बहिरा होतो. त्याच्या आधीच्या कितीतरी गाड्या मी बहिऱ्या कानांनी केल्या होत्या, नशिबानं त्या धरल्या नसतील, किंवा धरल्याही असतील आणि मला कुणी सांगायला आलं नसेल.

घरी आल्यावर मी गॅरेजात जाऊन पिस्टन काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, आणि नम्रताला पहिल्यापासून सांगितलं. तिला अपघात माहीत होता, बाकी काही नाही. ती आधी म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. कान काय कुणाच्या हातात असतात?" मग म्हणाली, "आता सांगून तो मुलगा परत येणार आहे का?" मी म्हटलं, नाही. "ते लोक तुम्हाला उभं चिरतील." मी म्हटलं, चिरोत. तेव्हा मी तिला पाण्याचं सांगितलं, सोजरबाई उठून स्वतः पाणी घेते ते. आमटीला उकळी आली होती, नम्रतानं गॅस बंद केला. आम्हाला मुलगी नाही. झाली होती, चार दिवसांची गेली, त्यालाही पस्तीस वर्षं झाली, आम्ही त्याबद्दल बोलत नाही. तिनं कापडी पिशवी आणली, पिस्टन फडक्यात गुंडाळून आत ठेवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "उद्याच जा," म्हणाली.

स्कूटर काढायची हिंमत झाली नाही. आता मागून काय येतं आणि काय येत नाही, याचा भरवसा उरला नव्हता. रिक्षानं स्वारगेटला गेलो आणि खडकवासल्याची बस धरली. बसमध्ये मी आयुष्यात प्रथमच मला न येणारे आवाज मोजत होतो. कंडक्टरच्या बोटांत तिकिटाचं यंत्र होतं, कागद बाहेर यायचा, ते नक्की काहीतरी बोलत असणार. पुढच्या बाकावर एक बाई मोबाइलवर हसत होती, तिचं हसणं नुसतं खांद्यांत दिसत होतं. पुण्यात एवढी माणसं तोंड हलवतात आणि मी इतकी वर्षं त्यांना पुटपुटे म्हणत आलो. सिंहगड रस्त्याला पुलाच्या कामात बस अर्धा तास अडकली तेव्हा परत फिरावं असं मला वाटलं. खरं सांगायचं तर नुसतं वाटलं नाही, मी उठून दारापर्यंत गेलो होतो. कंडक्टर काहीतरी म्हणाला, मी सवयीनं मान डोलावली, आणि माझी मान हलली तशी मला माझीच शिसारी आली. परत येऊन जागेवर बसलो.

त्यांचा बंगला प्लॉटच्या पैशातला, पुढे फरशी घातलेला ओटा. क्वाड नव्हती; तिथे भाजी वाळत घातली होती. सोजरबाई ओट्यावर घेवडा सोलत होती, जयसिंगराव खुर्चीत. "या मास्तर," ते म्हणाले, "लई दिसांनी." तनुजा आतून पाण्याचा तांब्या आणि पेले घेऊन आली. वर्षभरात ती दहा वर्षांनी मोठी झाली होती. तिनं मला पेला दिला, वडिलांना दिला. तिसरा भरून आईच्या बाजूला ओट्यावर ठेवला, रोजचं असल्यासारखा, आणि सोजरबाईनं तो न बघता मनगटानं थोडा दूर सारला. शेंगा सोलत राहिली. हे मी ऐकलं होतं, पण बघणं वेगळं. मी पाणी प्यायलो नाही. पिशवीतून पिस्टन काढून फरशीवर ठेवला आणि बोललो. सरळ बोललो, जसं पेठेत कुणी बोलत नाही. तेल बरोबर होतं. मोजून घातलेलं होतं. जेट लहान होता, तो मी लावला होता. गाडी मे महिन्यातच आतून टिकटिकत होती, तुमच्या मुलाला ते ऐकू आलं, त्यानं मला विचारलं, मी त्याला गप्प केलं. मला ऐकू येत नव्हतं. मी बहिरा आहे. आणि इंजिन उघडलं तेव्हा मला सगळं दिसलं होतं, तरी मी तेलावर ढकललं.

जयसिंगरावांनी पिस्टन उचलला. कुरतडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा. "म्हंजे पोरीनं त्याल घातलं हुतं." "घातलं होतं." "मंग तवाच का न्हाई बोललासा?" मी म्हणालो, "भ्यालो." त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं ते तो पिस्टन माझ्या डोक्यात घालतील, आणि घातला असता तर बरं झालं असतं. पण ते नुसता अंगठा फिरवत राहिले. तेव्हा तनुजा बोलली. माझ्यापासून चार हातांवर उभी होती, ओठ हलले, मला काही आलं नाही. मान डोलवायची सवय मानेपर्यंत आली आणि मी ती थांबवली. म्हणालो, "पुन्हा सांग बाळ. मोठ्यानं सांग. मला ऐकू येत नाही." ती जवळ आली, माझ्या कानाशी वाकली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. "काका, मी त्या दिवशी जांभळाखाली तुम्हाला म्हणाले होते, आवाज मलाही येतोय, दादाला ही चालवू देऊ का? तुम्ही मान डोलावलीत. घरी मी हे सांगितलं. कुणाला खरं वाटलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. नऊ महिने वापरून झिजलेलं वाक्य होतं ते. मी तिच्याकडे बघितलं. विश्वजीतला मी गप्प केलं होतं, पण हिला मी परवानगी दिली होती.

सोजरबाईचे हात थांबले होते. मांडीवरचं सूप तिनं खाली ठेवलं. मघाशी दूर सारलेला पेला तिच्या हाताच्या अंतरावर होता, तो तिनं घेतला नाही. "तनू," ती म्हणाली, तो आवाज मला आला, "पानी दे." तनुजा काही क्षण तशीच उभी राहिली, कळलं नसल्यासारखी. मग तिनं तोच पेला उचलला, त्यातलं पाणी कडेच्या तुळशीला घातलं, तांब्यातून नवीन भरला आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरला. सोजरबाई प्यायली. थेंबही न ठेवता प्यायली, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं तरी थांबली नाही, आणि रिकामा पेला मुलीच्या हातात देताना तिची बोटं तिनं सोडली नाहीत. माझ्याकडे त्या घरातल्या कुणीही पाहत नव्हतं. माझ्यापुढचा पाण्याचा पेला तसाच भरलेला होता. तो प्यावा की ठेवावा हे मला कळेना. शेवटी मी उठलो, पिशवीची घडी केली, चपला घातल्या. पायरीशी आल्यावर सवयीनं तोंडातून गेलं, "जातो."

मी थांबलो. एक पाय पायरीवर, एक खाली. कुणी काही म्हणालं असतं तर सोजरबाईचा आवाज मला नक्की आला असता, तो जाडा आहे. बराच वेळ थांबलो. मग फाटकाची कडी लावून बाहेर आलो.